आतला शेक : रेडियमच्या नळीपासून वर्धा जिल्ह्यापर्यंत

गर्भाशयमुखाचा कर्करोग बरा करायचा तर किरणांचा उगमच गाठीपाशी, शरीराच्या आत न्यावा लागतो, हे वैद्यकाला १९०३ सालीच उमगलं होतं. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये मार्गारेट क्लीव्ह्ज या डॉक्टर बाईंनी काचेच्या नळीत बंद केलेलं रेडियम या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रीवर वापरलं. मेरी आणि पिएर क्युरी यांनी रेडियम शोधून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. आज एकशेवीस वर्षांनंतरही हीच पद्धत, म्हणजे ब्रॅकीथेरपी, या आजाराच्या किरणोपचाराचा कणा आहे. दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसलेल्या बाया तिला साधेपणाने ‘आतला शेक’ म्हणतात. रोज यंत्राखाली झोपून घ्यायचा तो बाहेरचा शेक, आणि भूल देऊन, नळी बसवून घ्यायचा तो आतला.

या उपचाराचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मला तो अंतरांचा इतिहास वाटतो. एक अंतर सेंटिमीटरमध्ये मोजायचं : किरणांचा उगम आणि गाठ यांच्यामधलं. दुसरं किलोमीटरमध्ये : आर्वी किंवा समुद्रपूर तालुक्यातलं खेडं आणि ते यंत्र यांच्यामधलं. पहिल्या अंतरावर शंभर वर्षं अव्वल दर्जाचं संशोधन झालं. दुसऱ्याकडे संशोधकांचं लक्ष फार उशिरा गेलं, आणि गेलं तेव्हा त्यातलं काही मोलाचं काम आपल्याच महाराष्ट्रात, बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी झालं.

आधी पहिल्या अंतराबद्दल. पेटत्या चुलीपाशी बसलेल्या माणसाला आच लागते, दाराशी उभ्या असलेल्याला लागत नाही. किरणांचंही तसंच. उगमापासूनचं अंतर दुप्पट झालं की त्यांची तीव्रता एक चतुर्थांशावर येते, तिप्पट झालं की एक नवमांशावर. गर्भाशयमुखाच्या पुढे मूत्राशय आहे, मागे गुदाशय. बाहेरून किरण द्यायचे तर ते या दोन्ही अवयवांतून जातात. म्हणून बाहेरची मात्रा साधारण ४५ ते ५० ग्रेवर (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) थांबवावी लागते, आणि तेवढ्याने मोठी गाठ मरत नाही. ती मरायला ८० ते ८५ ग्रेच्या आसपास जावं लागतं. निसर्गाने मात्र इथे एक वाट ठेवली आहे. योनीमार्गातून गर्भाशयाच्या पोकळीपर्यंत बारीक नळी पोचवता येते. त्या नळीत किरणोत्सारी पदार्थ ठेवला की गाठीला भरपूर मात्रा मिळते आणि दोन-तीन सेंटिमीटर पलीकडे ती झपाट्याने उतरते. यकृत किंवा फुप्फुसाच्या कर्करोगाला अशी सोपी वाट नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग पुष्कळ पसरलेला असतानाही बरा होऊ शकतो, त्याचं एक मोठं कारण शरीराच्या या रचनेत आहे.

रेडियमचं युग सुरू झालं ते युरोपात. स्टॉकहोममध्ये १९१० साली रेडियमहेमेट ही संस्था उभी राहिली. तिथे रेडियम दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे एक दिवस आणि मध्ये काही आठवड्यांचं अंतर ठेवून, आत ठेवत. पॅरिसमध्ये क्लॉडियस रगो यांच्या गटाने उलट वाट धरली : थोडं रेडियम, पण सलग पाच-सहा दिवस. कुणाची पद्धत चांगली यावर वर्षानुवर्षं वाद झाले, पण दोघांची भाषा एकच होती : किती मिलिग्रॅम रेडियम, किती तास. गाठीला प्रत्यक्षात किती मात्रा मिळाली याचं नेमकं उत्तर कुणापाशी नव्हतं.

ते उत्तर देण्याचा पहिला गंभीर प्रयत्न १९३८ साली मँचेस्टरमध्ये झाला. डॉ. मार्गारेट टॉड आणि भौतिकशास्त्रज्ञ मेरेडिथ यांनी सांगितलं की, रेडियमचे मिलिग्रॅम मोजण्यापेक्षा शरीरातला एक बिंदू ठरवून तिथली मात्रा मोजा. गर्भाशयाच्या नळीपासून दोन सेंटिमीटर बाजूला आणि योनीच्या वरच्या टोकापासून दोन सेंटिमीटर वर असा तो बिंदू. गर्भाशयाची धमनी जिथे मूत्रवाहिनीला ओलांडते त्याच्या जवळची ही जागा. तिला त्यांनी ‘पॉइंट ए’ असं नाव दिलं. त्या बिंदूला ८००० राँटजेन (हे तेव्हाचं एकक), एकूण १४४ तासांत, असा त्यांचा हिशोब होता. नंतरच्या काळात कुणी कितीही नवं यंत्र आणलं तरी जगभरातल्या डॉक्टरांना आपली आकडेवारी एकमेकांशी ताडून पाहता आली ती या बिंदूमुळे. एका वैद्यक शाखेला समान मोजपट्टी देणारं इतकं साधं संशोधन क्वचितच झालं असेल.

पण त्या १४४ तासांत त्या बाईचं काय होत होतं, हे आकड्यात दिसत नाही. दोन खेपांत मिळून सहा दिवस. प्रत्येक खेपेला तीन दिवस पाठीवर निश्चल पडून राहायचं, कारण नळी जराशी सरकली तरी मात्रा मूत्राशयावर किंवा गुदाशयावर जाणार. लघवीला नळी, आत कापडाच्या पट्ट्यांचं घट्ट पॅकिंग, कूस बदलायची नाही, जवळ नातेवाईक नाही. परिचारिका येणार, पण घाईघाईने आपलं काम उरकून जाणार, कारण तिच्याही अंगावर किरण पडत. रेडियम हाताळणाऱ्या डॉक्टरांची आणि नर्सची बोटं भाजून निकामी झाल्याची उदाहरणं त्या काळात अनेक ठिकाणी घडली. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षं; नळीला तडा गेला तर रेडॉन वायू झिरपणार. आणि किंमत? १९२१ साली अमेरिकेतल्या स्त्रियांनी वर्गणी काढून एक लाख डॉलर जमवले आणि मेरी क्युरी यांना भेट दिलं ते एक ग्रॅम रेडियम. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी व्हाइट हाउसमध्ये ते त्यांच्या हवाली केलं. एका ग्रॅमसाठी देशभर वर्गणी काढावी लागते अशा औषधाचा वाटा गरीब देशांतल्या बाईला कितीसा मिळणार होता?

भारतात ही गोष्ट टाटांच्या घरातल्या एका दुःखातून मोठी झाली. १९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने परदेशात वारल्या. परदेशात मिळतात तसे उपचार आपल्याकडे मिळावेत असं त्यांचे पती सर दोराबजी यांच्या मनात होतं. पुढच्याच वर्षी तेही गेले, पण त्यांच्या विश्वस्तांनी ते काम पुढे नेलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. तिथले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी भारतात कर्करोग कुठल्या लोकांत, कोणत्या अवयवांचा, कशामुळे होतो, असे प्रश्न विचारायला सुरुवात केली. १९५७ साली रुग्णालयाची जबाबदारी केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आली आणि १९६२ साली ते अणुऊर्जा खात्याकडे गेलं. अणुभट्टीतून तयार होणारे कोबाल्ट, इरिडियम यांसारखे किरणोत्सारी पदार्थ आणि ते ज्यांना लागतात ते रुग्ण, असे दोन्ही एकाच खात्याच्या छत्राखाली आले. भारतातल्या किरणोपचाराच्या इतिहासात या निर्णयाचं वजन फार मोठं आहे.

त्याच १९६२ साली केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या त्या डॉ. सुशीला नायर. वर्धा जिल्ह्याची गोष्ट इथे जोडली जाते. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. पुढे त्या गावाचं सेवाग्राम झालं. गांधीजींच्या डॉक्टर म्हणून वावरलेल्या सुशीलाबहेन यांनी कस्तुरबांच्या मृत्यूनंतर, १९४०च्या दशकाच्या मध्यावर, तिथे एक लहान रुग्णालय सुरू केलं. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या अतिथिगृहात जेमतेम पंधरा खाटा, आणि त्याही फक्त स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठी. १९६९ साली, गांधी शताब्दीच्या वर्षात, त्याच जागी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली : देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. पुढे तिथल्या डॉक्टरांनी गावकऱ्यांचा आरोग्य विमा काढला तोही असा की वर्गणी ज्वारीच्या रूपाने द्यायची. ज्याच्याकडे पीक जास्त त्याने जास्त द्यायचं. कर्करोगाशी याचा काय संबंध, असं कुणाला वाटेल. संबंध आहे. कर्करोगाच्या उपचारात बाई दवाखान्यापर्यंत पोचते की नाही, पोचली तर शेवटपर्यंत टिकते की नाही, यावर निम्मी लढाई ठरते. आणि तो प्रश्न सेवाग्रामने पहिल्या दिवसापासून आपला मानला होता.

जगात मात्र १९६०च्या दशकात वेगळीच खळबळ चालली होती. न्यूयॉर्कच्या उलरिच हेन्श्के यांनी आणि टेक्सासमध्ये हर्मन सूट, गिल्बर्ट फ्लेचर यांनी एक साधी पण मोठी सुधारणा आणली. आधी रिकामी नळी बसवायची, एक्स-रे काढून ती जागेवर आहे ना ते पाहायचं, आणि मगच किरणोत्सारी पदार्थ आत सरकवायचा. ‘आफ्टरलोडिंग’ म्हणतात तिला. डॉक्टरला आता घाई नव्हती. नळी सावकाश, नीट बसवता येऊ लागली. रेडियमची जागा सीझियमने घेतली, त्याचं अर्धायुष्य तीस वर्षांचं. पुढे यंत्र आलं : पदार्थ शिशाच्या कवचात, आणि बटण दाबलं की तो तारेच्या टोकाला बसून नळीत जाणार. डॉक्टर, नर्स, तंत्रज्ञ सगळे खोलीच्या बाहेर.

यानंतरची पायरी भारताच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबतो. रेडियम आणि सीझियमच्या काळात किरण हळूहळू दिले जात, तासाला एक ग्रेच्या आगेमागे. त्याला ‘लो डोस रेट’ म्हणत. मग इरिडियमचा एक अगदी बारीक कण वापरणारी यंत्रं आली. या कणातून तासाला १२ ग्रेहून कितीतरी जास्त मात्रा मिळते. जे काम दिवसांत होई ते मिनिटांत होऊ लागलं. हा ‘हाय डोस रेट’. पाश्चात्त्य देशांतल्या अनेक तज्ज्ञांना याची धास्ती वाटत होती. एकदम जास्त मात्रा दिली तर निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळणार नाही, आतडं आणि मूत्राशय कायमचं दुखावेल, ही भीती शास्त्राला धरून होती. तोडगा असा की मात्रा तुकड्यांत द्यायची. पण किती तुकड्यांत, किती अंतराने, हे प्रत्यक्ष रुग्णांवर तपासल्याशिवाय ठरणार नव्हतं.

जपानमध्ये आणि एकूण आशियात ही पद्धत लवकर रुजली. त्याचं कारण उघड होतं : रुग्ण फार, खाटा कमी. एका बाईला तीन दिवस वेगळ्या खोलीत ठेवणाऱ्या पद्धतीत आठवड्याला बोटावर मोजण्याइतक्या बायांचा उपचार होई. नव्या पद्धतीत एका दिवसात अनेकींचा. चंडीगढच्या पीजीआय संस्थेतल्या डॉ. फिरुझा पटेल आणि सहकाऱ्यांनी ४८२ रुग्ण स्त्रियांवर दोन्ही पद्धतींची तुलना केली आणि १९९४ साली निष्कर्ष छापले. गाठ आटोक्यात येण्याचं आणि जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखं. गुदाशयाचा त्रास तर नव्या पद्धतीत कमीच. पुढच्या वर्षांत भारतभर हाय डोस रेट पद्धत रूढ झाली, तिच्यामागे अशा अभ्यासांचा आधार होता.

खेड्यातल्या बाईच्या बाजूने पाहिलं तर या बदलात मिळकत मोठी होती आणि एक नवी अडचणही. तीन दिवस अंग न हलवता पडून राहण्याचा छळ संपला. मात्र एक-दोन खेपांच्या जागी आता चार आल्या. आठवड्याला एक किंवा दोन, प्रत्येक वेळी ७ ग्रे. काही ठिकाणी ९ ग्रेच्या दोनच खेपा देतात. दोन खेपांत भागतं की चार लागतात, यावर जगभरातल्या तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. मोठ्या गाठीला चार खेपा देणं जास्त सुरक्षित, असं मानणारे बरेच आहेत. मला यात एक गोष्ट स्पष्ट दिसते : प्रवास वाचवायचा म्हणून बरं होण्याची शक्यता घालवणं कुठल्याही बाईला परवडणारं नाही. प्रवास वाचवण्याचे दुसरे मार्ग आहेत. एकदा नळी बसवून त्याच दिवशी सहा तासांच्या अंतराने दोन खेपा देता येतात, दवाखान्याच्या आवारात राहायची सोय करता येते. असे मार्ग शोधणं हेही संशोधनच आहे.

इरिडियमचा कण आणखी एक अडचण घेऊन आला. त्याचं अर्धायुष्य ७४ दिवस. म्हणजे तीन-चार महिन्यांनी नवा कण आणावा लागतो, आणि तो आला नाही किंवा त्याचे पैसे मंजूर झाले नाहीत तर यंत्र असूनही उपचाराला अर्थ राहत नाही. कोबाल्टचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं. तेवढाच बारीक कोबाल्टचा कण बनवता येऊ लागल्यावर लहान शहरांतल्या रुग्णालयांना तो पर्याय सोयीचा वाटू लागला, आणि दोन्हींची मात्रा कशी वेगळी पसरते यावर अनेक भारतीय भौतिकशास्त्रज्ञांनी काम केलं. बाहेरच्या जगात अशा निबंधांचा फारसा गाजावाजा होत नाही, पण जिल्ह्याच्या ठिकाणचं यंत्र वर्षभर चालू राहील की नाही ते अशाच प्रश्नांवर ठरतं.

आता मोठ्या संशोधनाकडे. १९९९च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने डॉक्टरांना तातडीची सूचना दिली : पाच चाचण्यांचा निष्कर्ष एकच आहे, किरणांबरोबर सिसप्लाटिन हे औषध दिलं तर जास्त स्त्रिया जगतात. पण त्या चाचण्यांतल्या स्त्रियांपेक्षा आपल्याकडच्या स्त्रिया जास्त पुढच्या टप्प्यात, जास्त अशक्त अवस्थेत येतात. त्यांना हे औषध झेपेल का? उत्तर टाटा मेमोरियलने दिलं. डॉ. श्याम किशोर श्रीवास्तव यांच्या नेतृत्वाखाली २००३ ते २०११ या काळात तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० स्त्रियांवर चाचणी झाली आणि २०१८ साली निष्कर्ष आले. नुसत्या किरणोपचारानंतर पाच वर्षं जगलेल्या स्त्रिया ४६ टक्के, औषधाची जोड दिलेल्या ५४ टक्के. शंभरात आठ जणी जास्त. त्याच वर्षी टाटा मेमोरियलच्या दुसऱ्या चाचणीने हेही दाखवलं की थोड्या आधीच्या टप्प्यात आधी औषध आणि मग शस्त्रक्रिया करण्यापेक्षा किरण आणि औषध एकत्र देणंच रोग परत न येण्याच्या दृष्टीने चांगलं. ‘पिशवी काढून टाका म्हणजे सुटलो’ ही आपल्याकडची समजूत किती खोल आहे हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या दुसऱ्या निष्कर्षाचं मोल कळेल.

त्याच काळात मँचेस्टरचा तो बिंदूही मागे पडू लागला. व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी नळी बसवल्यावर एमआरआय काढायला सुरुवात केली. गाठ कुठे आहे, कुठल्या बाजूला जास्त वाढली आहे, आतडं कुठे चिकटलंय, हे डोळ्यांना दिसू लागलं, आणि ठरलेल्या एका बिंदूऐवजी प्रत्यक्ष गाठीच्या आकाराला मात्रा देता येऊ लागली. २००५-०६ साली युरोपच्या तज्ज्ञमंडळाने त्याचे नियम घालून दिले. मग ‘एम्ब्रेस’ हा मोठा अभ्यास झाला : २००८ ते २०१५, तीन खंडांतली २४ केंद्रं, चौदाशेहून जास्त स्त्रिया. पाच वर्षांनंतर जागच्या जागी रोग आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण ९२ टक्के. टाटा मेमोरियल या अभ्यासात सहभागी होतं.

एमआरआय प्रत्येक खेपेला काढणं वर्ध्यालाच काय, मुंबईतही सगळ्यांना शक्य नाही. तेव्हा टाटा मेमोरियलचे डॉ. उमेश महंतशेट्टी आणि सहकाऱ्यांनी विचारलं की पोटावरून केलेली साधी सोनोग्राफी कितपत उपयोगी पडेल. २०१२ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात गाठीची सोनोग्राफीवर घेतलेली मापं एमआरआयशी बरीच जुळली. पुढे सीटी स्कॅनवरून गाठ कशी आखायची याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०२१ साली आली, त्यातही महंतशेट्टींचा वाटा मोठा होता. अव्वल यंत्र नसताना उत्तम उपचार कसा करावा, हा प्रश्न भारतीय डॉक्टरांनी जगाच्या टेबलावर मांडला आणि त्याचं उत्तरही दिलं. या साऱ्या कहाणीत मला सर्वांत अभिमानाचं वाटतं ते हे.

आणखी अलीकडचं थोडक्यात. किरणांच्या आधी सहा आठवडे औषध दिलं तर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ७२वरून ८० टक्क्यांवर जातं, हे ‘इंटरलेस’ या पाच देशांच्या चाचणीने २०२४ साली दाखवलं. त्या पाच देशांत भारत होता. रोगप्रतिकारशक्तीला चेतवणारी औषधंही आली आहेत आणि त्यांचे निकाल चांगले आहेत, पण त्यांची किंमत आपल्या बहुसंख्य रुग्णांच्या हिशोबातच बसत नाही.

एक धडा मात्र अमेरिकेकडून शिकण्यासारखा आहे. बाहेरून किरण देणारी यंत्रं इतकी नेमकी झाली की तिथल्या काही डॉक्टरांना आतल्या शेकाची गरज वाटेना. नळी बसवायला वेळ लागतो, कौशल्य लागतं, पैसाही त्यात कमी मिळतो. १९८८ साली तिथे ८३ टक्के पात्र स्त्रियांना ब्रॅकीथेरपी मिळत होती. २००९पर्यंत ते प्रमाण ५८ टक्क्यांवर घसरलं. २०१३ साली छापलेल्या त्या अभ्यासाने पुढचंही सांगितलं : चार वर्षांनंतर या कर्करोगापासून वाचलेल्या स्त्रिया ब्रॅकीथेरपी मिळालेल्यांत ६४ टक्के, न मिळालेल्यांत ५१. ज्या देशात यंत्रांची कमतरता नाही तिथे निव्वळ आळस आणि हिशोबापायी स्त्रिया दगावल्या. नवं महाग यंत्र आलं म्हणून जुना उपचार सोडायचा नसतो, हे आपल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या खरेदी समितीने लक्षात ठेवावं असं आहे.

आता दुसऱ्या अंतराकडे, किलोमीटरवाल्या. मुंबईत १९६३ साली डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली, पण ती शहराची होती. खेड्यातली पहिली नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. डॉ. भगवान नेने यांनी तिथे उभं केलेलं कर्करोग रुग्णालय आणि कस्तुरी जयंत यांच्यासारखे संशोधक यांनी गावोगाव फिरून नोंदी केल्या. पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागलं, पांढऱ्याला वास येतो, संबंधानंतर रक्त दिसतं, अशा खुणा त्यांनी बायांना समजावून सांगितल्या, आणि नुसत्या या समजावण्यानेही स्त्रिया आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्याचं १९९५ साली दाखवून दिलं.

मग १९९९ साली शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांची मोठी चाचणी सुरू झाली. ५२ गट, चार पद्धती : हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, पेशींची तपासणी, आम्लाचा बोळा लावून डोळ्यांनी पाहणं, आणि चौथ्या गटात नेहमीची आरोग्यसेवा. निकाल २००९ साली आला. विषाणूची तपासणी एकदाच केलेल्या गटात पुढच्या टप्प्यातले कर्करोग ३९, चौथ्या गटात ८२; मृत्यू पहिल्या गटात ३४, चौथ्यात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे साऱ्या जगाला मराठवाड्यातल्या शेतकरी बायांनी शिकवलं. चौथ्या गटातल्या स्त्रियांना तपासणी दिली नाही यावर नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि मला ते आक्षेप रास्त वाटतात. त्या ६४ जणींचं ऋण जग फेडू शकणार नाही. पण निदान एवढं तरी व्हायला हवं होतं की त्यांच्यामुळे जे कळलं ते आपल्या इतर स्त्रियांच्या कामी यावं. दहा वर्षांनंतरच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ या काळात, तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या अवघ्या १.९ टक्के.

वर्धा जिल्ह्याची स्वतःची कर्करोग नोंदणी सेवाग्रामच्या संस्थेत २०१० साली सुरू झाली. त्यामुळे हा जिल्हा आपल्या कर्करोगाबद्दल अंदाजाने बोलत नाही, मोजून बोलतो. विदर्भातल्या मोजक्या जिल्ह्यांनाच ते शक्य आहे. सेवाग्रामचे पॅथॉलॉजिस्ट डॉ. नितीन गंगणे आणि सहकाऱ्यांनी इथल्या स्तनांच्या कर्करोगाच्या २१२ रुग्ण स्त्रियांना विचारून पाहिलं तेव्हा जवळजवळ निम्म्या जणी पहिली खूण दिसल्यावर तीन महिन्यांहून जास्त थांबल्या होत्या. गाठ हाताला लागते त्या आजारात ही गत. अंगावरून जाणं तर बाई कुणापाशी बोलतही नाही. वेचणीचे दिवस असतात, लेकीचं बाळंतपण असतं, घरातल्या पुरुषाला सांगायची लाज असते. ती दवाखान्यात येते तेव्हा गाठ बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात असते, म्हणजे नेमकी तिथे, जिथे आतला शेकच तिला वाचवू शकतो.

सोयींच्या बाबतीत वर्धा जिल्हा आज बऱ्याच जिल्ह्यांपेक्षा नशीबवान आहे. सेवाग्राममध्ये किरणोपचार विभाग आहे, सावंगी मेघेला कर्करोग रुग्णालय आहे, नागपूरला तुकडोजी महाराजांच्या नावाचं प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, वर्धा रोडवर जामठ्याला नवी संस्था उभी आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किरणोपचाराचा खर्च भागतो, आणि २०२३च्या मार्चपासून एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे. तरी आष्टी-कारंजाच्या बाईला बाहेरच्या शेकासाठी आठवड्याचे पाच दिवस, पाच आठवडे यावं लागतं. दर आठवड्याला औषध, त्याच्या रक्ततपासण्या. मळमळ, जुलाब, थकवा. पाच आठवडे झाले की रक्त थांबतं, दुखणं कमी होतं, आणि तिला वाटतं की आपण बऱ्या झालो. नेमक्या त्याच वेळी आतला शेक सुरू व्हायचा असतो. भूल, नळी, अनोळखी खोली, पुन्हा चार चकरा. इथेच काही जणी थांबतात.

हा सगळा उपचार सुरुवातीपासून आठ आठवड्यांत संपला पाहिजे. त्यानंतर गेलेल्या प्रत्येक दिवसाला रोग आटोक्यात येण्याची शक्यता अर्धा ते एक टक्क्याने उतरते, असं अनेक अभ्यास सांगतात. पंधरा दिवस उशीर झाला तर सिसप्लाटिनने जी आठ टक्क्यांची मिळकत दिली ती सगळी धुऊन जाऊ शकते, आणि त्यासाठी कुठलंही नवं औषध लागत नाही. चुकलेली तारीख पुरते. म्हणून येत्या काळातल्या संशोधनातला मोठा वाटा या प्रश्नांना मिळावा असं मला वाटतं : किती जणींनी आतला शेक पूर्ण केला, किती जणी कुठे गळाल्या, भूल आणि वेदनाशमन चांगलं दिलं तर गळती किती कमी होते, राहायची खोली दिली तर किती. हे काम वर्ध्यात होऊ शकतं. इथे नोंदणी आहे, दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, गावागावात आशाताई आहेत, आणि गावाशी बोलायची सेवाग्रामची जुनी सवय आहे.

पुढच्या पिढीला या आजारापासून वाचवणारी लसही आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची, देशातच बनलेली मिळते. बार्शीसह देशातल्या नऊ केंद्रांवरच्या अभ्यासाने २०२१ साली दाखवलं की एचपीव्ही लसीचा एक डोससुद्धा विषाणूच्या घातक प्रकारांचा टिकून राहणारा संसर्ग ९५ टक्क्यांच्या घरात रोखतो. पण आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या बायांना या लसीचा उपयोग नाही. भारतात २०२२ या एका वर्षात या कर्करोगाचे सुमारे एक लाख सत्तावीस हजार नवे रुग्ण आणि ऐंशी हजारांच्या आसपास मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. या बायांसाठी तपासणी आणि किरणोपचार हेच दोन आधार आहेत.

म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. घरातल्या, शेजारच्या, शेतावरच्या कुणा बाईला पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जात असेल तर तिला एकटीला पाठवू नका, सोबत घेऊन दवाखान्यात जा. आणि तिचा बाहेरचा शेक सुरू असेल तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच डॉक्टरांना विचारा, आतला शेक कधी आणि कुठे होणार. तारीख लिहून घ्या, त्या दिवशीची गाडी ठरवा, आणि आठ आठवडे उलटू देऊ नका.